ओल्या धानाची ऊब

थंडी म्हणजे हवामान नव्हे, ती आपल्या घरावर डूख धरून बसलेली एक बाई आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला चिकटून. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, दोन बैल, कवेलूचं घर आणि त्या घराच्या चारही अंगांना, मामाजींच्या मते, ती. तिचं नाव ते सहसा घेत नसत. 'आज सांजच्याले येईन ते', 'काल मांगच्या दारानं आल्ती' असं दबक्या आवाजात सांगत. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटलं, गावात एखादी वेडसर बाई हिंडत असावी आणि घरच्यांना तिचा त्रास असावा. मी काळजीनं बायकोला विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून आत पळाली. बरं, चांद्याची थंडी ती केवढी! ज्या जिल्ह्यात वैशाखात पाखरं झाडाखाली पडतात आणि माणसं ओलं फडकं डोक्यावर घेऊन दिवस ढकलतात, तिथे पौषात थोडे दिवस कुडकुडायला मिळालं तर खरं म्हणजे देवाचे उपकार मानावेत. पण मामाजी उन्हाळ्याविषयी एक शब्द बोलत नसत. उन्हाळा त्यांच्या दृष्टीनं थंडीनं आपल्याला गाफील ठेवण्यासाठी पाठवलेला होता.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ते कानटोपी चढवत, ती होळीत नारळ पडेपर्यंत उतरत नसे. अंगात दोन बंड्या, त्यावर कोट, कोटावर घोंगडी. त्यामुळे हिवाळ्यात त्यांचा आकार दुप्पट व्हायचा आणि दारातून त्यांना तिरपं होऊन शिरावं लागायचं. दारावर तर त्यांचा पहाराच असे. कुणी आलं की 'या, बसा' नाही. 'आत व्हा, आत व्हा, तिले आत घेऊ नका!' असं ओरडून पाहुण्याला दंडाला धरून ओढत आणि दार धाडकन लावत. माझ्या पहिल्या दिवाळसणाला त्यांनी दार इतक्या चपळाईनं लावलं की माझ्या धोतराचा सोगा बाहेर राहिला आणि मी आत. मी जागच्या जागी अडकून उभा. ओवाळायला ताट घेऊन सासूबाई समोर, आणि मामाजी दार उघडायला तयार नाहीत. 'आता उघडलं तं ते येईन ना आत,' म्हणाले. शेवटी मला तिथेच, दाराला बांधल्यासारखं उभं करून ओवाळलं. सासूबाई ओवाळता ओवाळता म्हणाल्या, 'जवाईबापू, एवढ्यावर सुटले म्हना. माह्या लग्नात यायनं मांडवाले तट्टे लावले होते चहूकडून. पावने गुदमरून गेले.'

घर गरम राखण्याचे त्यांचे उपाय रोज नवे असत आणि प्रत्येक उपायाचा त्रास मात्र दुसऱ्यालाच होई. कवेलूंच्या फटीत त्यांनी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबली; उंदरांनी त्यात संसार थाटले आणि जेवताना पानात वरून काय पडेल याचा नेम राहिला नाही. जवस अंगात शेगडी पेटवते असं त्यांच्या मनानं घेतलं, तेव्हापासून हिवाळाभर तिन्ही त्रिकाळ जवसाची चटणी. कुणी पानात टाकली तर त्याला रात्रीतून न्यूमोनिया होणार हे ते इतक्या खात्रीनं सांगत की खाल्लेला घास थंड पडावा. आंघोळ दुपारी, तीही अंगणातला दगड उन्हानं तापल्यावर. त्यांच्याआधी त्या दगडावर पाणी सांडलं म्हणून एकदा त्यांनी माझ्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला होता. मला तर कुणाचा चहा निवला तरी आपलंच काही चुकलं असं वाटतं; मी दिवसभर त्या दगडावर ऊन येतं की नाही ते पाहत बसलो.

संध्याकाळी गोरसी पेटे. गोरसी म्हणजे निखारे ठेवायचं पसरट मातीचं भांडं. त्या भागात घरोघरी असतं, पण मामाजींच्या घरी ते घरातलं वडीलधारं माणूस होतं. कुठलं लाकूड जळताना कसं वागतं यावर ते तासभर बोलत. 'धावडा पा कसा, गुपचूप जळते. मोह गप्पाच मारते निस्ता. आन् चिंच? चिंचेचा निखारा म्हंजे घरची सून, राखेखाली झाकला तरी सकाळपावतर जित्ता राह्यते.' यावर आतून भांडं आपटल्याचा आवाज येई. जावई म्हणून माझा मान मोठा, त्यामुळे मला गोरसीच्या अगदी जवळची जागा. माझ्या नडग्या भाजून निघत, पाठ मात्र गार. थोडं मागे सरकलो की मामाजी हळूच गोरसीच पुढे सरकवत. 'लाजू नका, जवाईबापू. आपलंच घर हाय.'

पण या सगळ्यावर कडी केली ती ढोलीनं. धान साठवायची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली पुरुषभर उंच ढोली त्यांच्या पडवीत होती. एके वर्षी ती रिकामी झालेली पाहून त्यांना सुचलं, की धान हिवाळाभर हिच्यात गरम राहतं तर माणसानं काय पाप केलं? त्यांनी आत तणस अंथरली, वर चढले आणि आत उतरले. सुखाची झोप लागली म्हणे. सकाळी जंगलखात्याचा एक गार्ड काही चौकशी करायला आला. पडवीत कुणी दिसेना म्हणून त्यानं हाक मारली, तर धानाच्या ढोलीतून खोल आवाज आला, 'कोन आहे बे? आदी दार लाव!' तो गार्ड वाघाच्या जंगलात एकटा फिरणारा. पण त्या दिवशी सायकल तिथेच टाकून गेला. आणि खरा तमाशा पुढेच. आत उतरणं सोपं होतं, बाहेर निघणं जमेना. घोंगडी, कोट, दोन बंड्या, त्यात रात्रभर खाली दबलेली तणस. शेवटी शेजाऱ्यांनी ढोली आडवी केली आणि मामाजींना दोन्ही दंडांना धरून ओढून काढलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. 'धान ठेवाच्या जागी मानूस ठेवला,' त्या म्हणाल्या, 'आता मानसाच्या जागी धान ठेवा, म्हंजे झालं.' मामाजी अंगावरची तणस झटकत एवढंच म्हणाले, 'हासून घ्या. पन रातभर ते नाई शिरली आत.'

ते मूल गावी आमच्याकडे येत तेव्हाही सुख नसे. मी मूलच्या एका भातगिरणीत मुनीम आहे. आलेलं धान पाहायचं, पारखायचं, घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे माझं काम. गिरणीच्या मागेच आमची खोली. मामाजींनी पहिल्याच मुक्कामात गिरणीतून कोंड्याची पोती आणून खोलीच्या भिंतींना छपरापर्यंत लावली. खोली निम्मी झाली. आम्हा नवराबायकोला एकमेकांच्या समोरून जाताना 'तुम्ही आधी, मी आधी' करावं लागे, आणि कोंड्याची खाज तर शिमग्यापर्यंत गेली नाही. मी बायकोला म्हणालो, 'तुझे बाबा आपल्याला जिवंत पुरतील.' तिला राग आला नाही. ती म्हणाली, 'मी लायनी होती तं मले ते कोटाच्या आतमंदी घालून वावरात नेत होते. लोक म्हनत, भाऊले पोट सुटलं.'

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आमच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं पहिलं मूल महिन्याचंही न होता गेलं, आणि त्यानंतर मला हसू कमी येऊ लागलं. का गेलं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मी मात्र तेव्हापासून आपण काय करायला हवं होतं, याची उजळणी करत राहिलो. म्हणून बायको पुन्हा गरोदर राहिली आणि बाळंतपणाला माहेरी जाते म्हणाली, तेव्हा माझी एकच अट होती. मामाजींनी त्यांचे प्रयोग त्या खोलीपासून लांब ठेवायचे. मामाजींनी कानटोपीवर हात ठेवून शपथ घेतली.

मार्गशीर्ष संपत आला होता. धान कापून झालं होतं, कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांत वाळत पडल्या होत्या, आणि नेमका त्या वेळी अवकाळी पाऊस आला. दोन दिवस सारखा. सगळ्या गावाच्या कडपा भिजल्या. त्याच पावसात मला निरोप आला, दिवस भरायच्या आधीच बाळंतपण झालं, मुलगी आहे, लवकर या. मी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि त्याच्या मागोमाग उत्तरेचा वारा सुटला होता. या वेळी मलाही ती दिसली, मामाजींची बाई. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. बोटांची टोकं निळसर. रडणं नाहीच, मांजराच्या पिलासारखा एखादा आवाज. तिला पोटाशी घेऊन झोपावं तर बायकोलाच हिवतापानं घेरलेलं, ती स्वतः दातावर दात आपटत होती. सासूबाईंनी छातीशी धरावं तर पोर दर थोड्या वेळानं दूध ओढायला आईकडे द्यावी लागे, आणि ओढायची ताकद तिच्यात नव्हती. दाईनं पाहून सांगितलं, 'इले ऊब पायजे. दिवसरात पायजे. पन धूर नको. धुरानं हे जाईन.'

मामाजींनी शपथ विसरून आधीच गोरसी आत नेली होती, धावड्याचा, बिनधुराचा कोळसा निवडून. तरी पोर खोकली आणि काळी पडली. सासूबाईंनी गोरसी उचलून अंगणात नेली आणि तिच्यावर पाणी ओतलं. मग तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून झाल्या. वीट आधी चटका द्यायची आणि जरा वेळानं पाहावं तर दगड. मी बाहेर आलो. मामाजी ओट्यावर बसले होते. दहा वर्षांत प्रथमच त्यांच्यापाशी थंडीविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं. सगळा जन्म ज्या विस्तवाची त्यांनी वकिली केली तो नेमका आज चालत नव्हता. मी म्हणालो, 'मामाजी, मी गाडी सांगितली आहे. सकाळी मूलला जाऊ, तिथून रेल्वेनं चांद्याला. दवाखान्यात.'  

सकाळी गाडी दारात आली तेव्हा मामाजी घरी नव्हते. थोड्या वेळानं त्यांची स्वतःची बैलबंडी रस्त्यानं येताना दिसली, आणि त्या बंडीवर ओल्या कडपांचा डोंगर. आजूबाजूच्या बांध्यांत गावचे लोक कडपा उलटून पालटून उन्हात पसरत होते, आणि हा माणूस पाणी गळत असलेलं धान घरी आणत होता! एका शेजाऱ्यानं बांधावरून ओरडून विचारलं, 'अहो भाऊ, कुठी नेऊन राह्यले वल्लं धान?' मामाजींनी बैल हाकले. घराच्या मागे गेले, बाळंतिणीच्या खोलीची भिंत बाहेरून होती तिथे बंडी लावली आणि त्या भिंतीला टेकवून कडपांचं पुंजणं रचू लागले. दाबून, पायानं तुडवून, एकीवर एक.

मला वाटलं, या माणसाचं डोकं गेलं. धानाच्या मुलखात जन्मलेल्या लेकरालाही ठाऊक असतं, की ओल्या कडपांचं पुंजणं घालायचं नाही. आत धान गरम होतं, वाफ धरतं, दाणा तांबडा पडतो, वास मारतो, मोड येतात. वर्षाची मेहनत सडून जाते. आणि मी तर त्याचाच पगार घेतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आत ऊब लागली की पोतं बाजूला. मी धावत मागे गेलो.

'मामाजी, काय करून राहिले तुम्ही? हे गरम होईल!'

'होऊ द्या.'

'अहो, सडेल! दाणा हाती लागणार नाही!'

'मले शिकवता काय?' त्यांनी कडप आपटली. 'जवाईबापू, गिरनीत गरम झालेलं धान तुमी रोज वापस धाडता. लोकायचा तळतळाट घेता. तुमीच सांगा, किती गरम होते? किती रोज राह्यते?'

मी सवयीनं उत्तर देऊन बसलो. 'चांगलं दाबून रचलं असेल तर हात ठेववत नाही. पंधरा दिवस, कधी जास्त.'

'धूर येते?'

मी पुंजण्याकडे पाहिलं.

'येते काय धूर? सांगा नं.'

'नाही,' मी म्हणालो.

'मंग कडप द्या इकडं.'

मी कडप दिली नाही. मला तेव्हा त्यांची युक्ती कळली, पण तिच्यावर विश्वास बसेना. या माणसाच्या डोक्यातून निघालेल्या किती गोष्टींनी आमची फजिती केली होती! कवेलूतले उंदीर, ढोली, कोंड्याची खाज. आणि आता हा प्रयोग माझ्या पोरीवर. मी ओरडलो. आजवर सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. म्हणालो, 'तिथे दवाखाना आहे, डॉक्टर आहे. इथे काय आहे? ओलं गवत!' मामाजी पुंजण्यावरून खाली उतरले. त्यांच्या कोटातून पाणी गळत होतं, म्हणजे ते ओलेचिंब होते आणि त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. 'डाक्टर आहे,' ते म्हणाले, 'पन मधात रस्ता आहे. आन् रस्त्यावर ते आहे. तिच्या हाती देता काय पोरीले?'

मी आत गेलो. बायकोला विचारलं. तापानं तिचे डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, 'मागच्या बारी आपन सगळं सांगतल्यापरमानं केलं. या बारी बाबाचं ऐका.' त्या वाक्यानं मी मोडलो. आजही मला ठाम सांगता येत नाही की मी विचार करून थांबलो की नुसता थकून थांबलो. गाडीवाल्यानं बैल सोडले. मी मागे जाऊन कडपा देऊ लागलो.

पुढचे दिवस मामाजींनी आम्हा सगळ्यांना छळून काढलं. खोलीची भिंत कुडाची, म्हणजे बांबूच्या तट्ट्याला माती लिंपलेली, पातळ. पहिल्या दिवशी ती थंडगार. मी तासातासाला हात लावून मामाजींकडे पाही आणि ते, 'धान हाय ते, चुलीवरचं दूध नाई,' असं खेकसत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कोमट लागली. संध्याकाळपर्यंत ती अशी ऊबदार झाली, जसं गाईचं पोट. सासूबाईंनी बाज भिंतीला भिडवली, भिंतीकडच्या अंगाला पोरीला ठेवलं, बाहेरच्या अंगाला आई. खोलीत धूर नव्हता. आंबूस वास मात्र असा की पाणी पिताना नाक धरावं. आणि आता मामाजींना नवीनच भीती. पुंजणं फार तापलं तर आतून पेटेल. म्हणून ते त्यात कोपरापर्यंत हात खुपसत, फार गरम लागलं तर बांबूनं भोक पाडून वाफ सोडत, आणि शंभर पावलांत विस्तव दिसू देत नसत. ज्यांनी आयुष्यभर शेकोटीची आरती केली ते आता शेजाऱ्याच्या हातातली बिडी हिसकावून विझवत होते. सासूबाईंना चूल अंगणाच्या पार टोकाला मांडावी लागली. 'सत्तरीले टेकले, आन् आता इस्तवाशी दुश्मनी,' त्या म्हणाल्या. 'उद्या म्हनतीन, सूर्य झाका.'

पुंजण्याची राखण ते स्वतः करत, उघड्यावर. विस्तव जवळ न्यायचा नाही, त्यामुळे गोरसीही नाही. पौषातल्या त्या वाऱ्यात, दाराच्या फटीला घाबरणारा हा माणूस मोकळ्या आभाळाखाली बसून राहिला. मी एका पहाटे बाहेर आलो तर ते गुडघे पोटाशी घेऊन, थडथडत, पुंजण्यापासून हातभर लांब बसलेले. मी म्हणालो, 'मामाजी, निदान पाठ तरी टेका. गरम आहे ते.' त्यांनी मान हलवली. 'नाई. तिच्या हिश्श्याची आहे ते.' मी समजावलं, की अहो, पाठ टेकवल्यानं पुंजण्याची ऊब संपत नाही. 'तुमाले काय ठाऊक?' ते चिडून म्हणाले. 

पोरीच्या बोटांचा निळेपणा गेला. मग एक दिवस ती दूध ओढू लागली, आणि मग एका सकाळी असा टाहो फोडला, की मागच्या बाजूनं मामाजींचा आवाज आला, 'काय झालं? कोनं दार उघडलं?' कुणी उघडलं नव्हतं. तिला भूक लागली होती. बायकोचा तापही उतरला. दाई येऊन पाहून गेली आणि जाताना पुंजण्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, ते आशीर्वाद होते की शिवी, मला कळलं नाही.

वारा पडला तेव्हा पुंजणं मोडलं. आत दाणा तांबडाकाळा, बऱ्याच ठिकाणी मोड. बैलांनी ती तणस हुंगली आणि तोंड फिरवलं. गावानं तर तोंडसुख घेतलं. 'भाऊ, उमर धानात गेली तुमची, आन् वल्ल्या कडपा पुंजल्या?' मला वाटलं, आता हे मोठ्या दिमाखानं सगळी हकीकत सांगतील. त्यांच्या आयुष्यात फसला नाही असा हा एकच प्रयोग. पण मामाजी म्हणाले, 'काय करतं? बुढा झालो. ध्यानात नाई राह्यलं.' सगळ्यांनाच तो खुलासा पटला, हे मला फार लागलं.

चुरून, म्हणजे मळून, निघालं तेवढं धान ते आमच्याच गिरणीत घेऊन आले. मी पोतं उघडलं. दूरवरचे दोन शेतकरी नाकाला फडकं लावून हसले. गिरणीचे मालक शेटजी, त्यांनी दाणे तळहातावर घेतले, हुंगले आणि फेकून दिले. 'हे कोणाचं धान? कोंबड्यासुद्धा खाणार नाहीत. कोणता शहाणा हे घेऊन आला?' मामाजी पोत्याशी खाली मान घालून उभे होते. त्यांच्या धानाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, 'शेटजी, हे धान आमचं आहे. आणि ते असं का झालं ते मी सांगतो...' मामाजींनी माझं मनगट इतकं जोरात दाबलं की माझं वाक्य तिथेच तुटलं. 'म्हाताऱ्याची चुकी झाली, शेटजी,' ते म्हणाले. 'खाऊ आमी घरी. तेवढं भरडून द्या.'

बाहेर बंडीपाशी मी त्यांच्यावर चिडलो. 'का बोलू दिलं नाही? तुम्ही काय चोरी केली होती?'

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. 'लोकायले सांगान, तं लोक काय म्हनतीन? म्हातारा हुशार आहे, असं म्हनतीन? नाई जवाईबापू. म्हनतीन, पोरगी आली आन् घरचं धान जळालं. पोरीची जात. उद्या लग्नाच्या टायमालेबी कोनी तेच काढीन. पायगुन म्हनतीन.' मग जरा थांबून म्हणाले, 'मले येडा म्हनतेत तं म्हनू द्या. मले तं सवय आहे.'

तो तांदूळ आम्ही दोन्ही घरांनी वर्षभर खाल्ला. भात शिजायला लागला की शेजारी खिडक्या लावून घेत. मामाजी प्रत्येक घासाला 'चव आली आहे, चव!' म्हणत आणि सासूबाई त्यांच्या पानात आणखी वाढत.

त्यानंतर तीन हिवाळे ते होते. गेले ते भर वैशाखात, लू लागून. थंडीला त्यांनी जन्मभर दारात उभं केलं नाही; उन्हाळ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. पण जाण्याआधी त्यांच्या वाट्याला एक मोठं दुःख आलं. त्यांच्या नातीला थंडी वाजतच नाही. लहानपणापासून पौषात उघडी, अनवाणी अंगणात पळते, गार पाण्यात हात घालून बसते. मामाजी तिच्यामागे घोंगडी घेऊन धावत आणि धाप लागली की ओट्यावर बसून मला म्हणत, 'पा जवाईबापू, पा. हिच्यासाठी म्या धान जाळलं!' आणि डोळे मात्र तिच्या मागे मागे.

आता ती दहाची आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि त्या सडक्या धानाची आठवण काढून पायगुण म्हणणारं आता कुणी राहिलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. गारठा पडला की पहाटे मला जाग येते. उठून तिच्या अंगावर पांघरूण घालतो. ती झोपेतच ते लाथाडते. मी बायकोला म्हणतो, हिला काही कळतच नाही, आणि तसाच थोडा वेळ उभा राहून ते पुन्हा घालतो.